दुकानाची पाटी उतरली तर गिऱ्हाईक येईल का? वेल्सच्या माईक पीटर्सची गोष्ट



आपल्याकडे नेहमी किराणा, केक, कपडे, टिफिन सर्व्हिस असे विषय असतात. आज मात्र गोष्ट एका रॉक गायकाची आहे. "सर, याचा आपल्या धंद्याशी काय संबंध?" असं तुम्ही विचारायच्या आधी मीच तुम्हाला एक प्रश्न विचारतो.

उद्या तुमच्या दुकानावरची पाटी काढून टाकली, तर किती गिऱ्हाईकं तुम्हाला शोधत येतील?

उत्तर लगेच देऊ नका. ज्या माणसाने स्वतःच आपली पाटी उतरवली आणि पुढची तीसहून जास्त वर्षं याच प्रश्नाचं उत्तर शोधत काम केलं, त्याची गोष्ट आधी वाचा. त्याचं नाव माईक पीटर्स. बँडचं नाव 'द अलार्म'.

छोट्या गावातून सुरुवात

वेल्स म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेचा छोटा देश. लोकसंख्या साधारण ३१ लाख, आणि भाषा स्वतःची, वेल्श. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर प्रेस्टॅटिन आणि रिल ही समुद्रकाठची गावं आहेत. माईकचा जन्म २५ फेब्रुवारी १९५९ चा, प्रेस्टॅटिनचा. वाढला रिलमध्ये. संगीताचा मोठा धंदा लंडनमध्ये, आणि हा मुलगा तिथून पार लांब.

१९७६ मध्ये त्याने जवळच्या चेस्टर शहरात 'सेक्स पिस्टल्स' या पंक बँडचा कार्यक्रम पाहिला आणि ठरवलं की आपणही बँड काढायचा. पहिल्या बँडचं नाव होतं 'द टॉयलेट्स'. हो, तेच! पुढे 'सेव्हन्टीन' आलं आणि १९८१ मध्ये 'द अलार्म'. सोबत डेव्ह शार्प, एडी मॅकडोनाल्ड आणि नायजेल ट्विस्ट. म्हणजे नाव जमायलाच तीन प्रयत्न लागले. तुमच्यापैकी जे सहा महिने फक्त नाव आणि लोगो ठरवत बसलेत, त्यांनी इथे जरा थांबा. या पोरांनी काम आधी सुरू केलं, नाव वाटेत बदललं.

दुसरी गोष्ट बघा. मोठी कंपनी दारात येईपर्यंत ते थांबले नाहीत. १९८१ मध्येच त्यांनी 'अनसेफ बिल्डिंग' हे पहिलं सिंगल स्वतःच्याच छोट्या लेबलवर काढलं. आपल्या भाषेत सांगायचं तर सॅम्पल माल स्वतःच्या खिशातून बनवला आणि बाजारात फिरवला. त्यानंतर आय.आर.एस. रेकॉर्ड्स या कंपनीशी करार झाला.

मोठे दिवस

१९८३ मध्ये 'यू टू' या बँडबरोबर अमेरिकेचा दौरा मिळाला. मुख्य बँड दुसराच, हे त्याच्या आधी वाजवणारे. पण समोरची गर्दी यांना आयती मिळाली. त्याच वर्षी 'सिक्स्टी एट गन्स' हे गाणं ब्रिटनच्या चार्टवर १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं. १९८४ चा पहिला पूर्ण अल्बम 'डिक्लरेशन' थेट ६ व्या क्रमांकावर. एप्रिल १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात झालेला त्यांचा कार्यक्रम एम.टीव्हीने उपग्रहाद्वारे थेट दाखवला. १९८८ मध्ये बॉब डिलनबरोबर दौरा केला.

१९८९ मध्ये त्यांनी 'चेंज' हा अल्बम काढला, आणि तोच अल्बम वेल्श भाषेत 'नेविद' नावाने. जगभर नाव झाल्यावरही आपल्या गावच्या लोकांसाठी त्यांच्या भाषेत वेगळा माल. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आणि पाटी उतरली

३० जून १९९१. लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीमध्ये कार्यक्रम चालू आहे. माईकने स्टेजवरूनच जाहीर केलं की आपण बँड सोडतोय. दहा वर्षांत उभं केलेलं नाव एका संध्याकाळी मागे राहिलं.

व्यवसायाच्या नजरेने याचा अर्थ काय होतो? वितरक, रेडिओवाले, हॉलवाले, सगळे 'द अलार्म' ला ओळखत होते. 'माईक पीटर्स' या नावाला बाजारात तेवढी किंमत नव्हती. माल बनवणारा तोच, आवाज तोच, गाणी लिहिणारा तोच. पाटी तेवढी गेली.

त्याने 'द पोएट्स ऑफ जस्टिस' नावाचा नवा ताफा जमवला. त्यात त्याची पत्नी ज्यूल्स कीबोर्ड वाजवायची. १९९४ मध्ये 'ब्रीद' हा पहिला सोलो अल्बम आला, १९९६ मध्ये 'फील फ्री', १९९८ मध्ये 'राइज'. आता खरं बोलूया. बँडच्या काळात चार्टवर जे यश दिसायचं, ते या अल्बमना मिळालं नाही. हॉल छोटे झाले. त्यात १९९५ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याला लिम्फोमा म्हणजे रक्ताशी संबंधित कर्करोग असल्याचं निदान झालं. पहिल्या वेळी तो त्यातून सावरला.

अशा परिस्थितीत बहुतेक माणसं धंदा गुंडाळतात. याने काय केलं, ते आता नीट बघू, कारण आपल्या कामाचं इथेच आहे.

मोठी गर्दी गेली, मग उरलं कोण?

उरले ते खरे चाहते. संख्येने कमी, पण पक्के. माईकने त्यांच्याकडे उरलेला स्टॉक खपवण्याची जागा म्हणून बघितलं नाही. पुढचा सगळा धंदा त्यांच्याभोवतीच बांधला.

एक, त्याने दरवर्षी 'द गॅदरिंग' नावाचा मेळावा भरवायला सुरुवात केली. अनेक वर्षं तो उत्तर वेल्समधल्या लँडिडनो या समुद्रकाठच्या गावात भरायचा. जगभरातून चाहते तिथे यायचे, दोन-तीन दिवस राहायचे. लक्षात घ्या, लंडनला दुकान न थाटता त्याने गिऱ्हाईकालाच आपल्या गावात बोलावलं.

दोन, त्याने आपली रेकॉर्ड स्वतःच्या लेबलवर आणि स्वतःच्या वेबसाइटवरून विकायला सुरुवात केली. मधला माणूस कमी झाला. कोण विकत घेतो, कुठे राहतो, मागच्या वेळी काय घेतलं, ही माहिती थेट त्याच्याकडे आली.

तीन, आणि हे मला सगळ्यात आवडतं. नव्या शतकाच्या सुरुवातीला नवे साथीदार घेऊन त्याने 'द अलार्म' हे नाव पुन्हा वापरायला घेतलं. मग 'पॉपी फील्ड्स' या नावाने पाच सीडींची मालिका जाहीर केली, पन्नासहून अधिक गाण्यांची, आणि ती चाहत्यांना आगाऊ विकली. पुढे त्यातूनच निवडून २००४ चा अल्बम काढला. पुढच्या काळात क्राउडफंडिंग हा शब्द सगळीकडे ऐकू येऊ लागला. याने ते काम आधीच केलं होतं.

आपल्याकडे दिवाळीच्या फराळाची ऑर्डर महिनाभर आधी घेणाऱ्या ताई हेच करतात. ॲडव्हान्स हातात आला की बेसन-तुपाची खरेदी त्याच पैशातून होते, कर्ज काढावं लागत नाही, आणि माल पडून राहण्याची भीती कमी होते. पण ॲडव्हान्स कोण देतं? ज्याचा तुमच्या हातावर विश्वास आहे तोच देतो. म्हणून आधी नातं जोडायचं, मग ॲडव्हान्स मागायचा. हा क्रम उलटा केलात तर लोक दुसऱ्यांदा फोन उचलत नाहीत.

जुनी पाटीच आडवी आली तेव्हा

२००४ मध्ये दुसरीच अडचण समोर होती. जुनं नाव परत मिळालं, पण रेडिओवाल्यांच्या डोक्यात 'द अलार्म' म्हणजे ऐंशीच्या दशकातला बँड. नवीन गाणं कितीही चांगलं असलं तरी ते ऐकण्याआधीच "हे जुने लोक" असा शिक्का.

मग त्याने एक खेळी केली. 'फोर्टी फाइव्ह आर.पी.एम.' हे नवं गाणं त्याने 'द पॉपी फील्ड्स' या बनावट नावाने बाजारात आणलं. व्हिडिओत 'द वेरायडर्स' नावाचा एक तरुण बँड उभा केला. पोरं फक्त ओठ हलवत होती, गाणं मूळ बँडचंच होतं. लोकांना वाटलं, नवा बँड आलाय! गाणं ब्रिटनच्या चार्टवर २८ व्या क्रमांकावर गेलं. मग खरं काय ते उघड झालं आणि जगभरात बातम्या झाल्या. या प्रकरणावरून पुढे 'व्हायनल' नावाचा सिनेमाही आला.

आता सावध व्हा. "सर, म्हणजे आम्ही पण खोट्या नावाने विकू का?" नाही! गाण्यात हे गंमत म्हणून खपून गेलं. खाण्याच्या पाकिटावर, औषधावर, बिलावर खोटं नाव टाकाल तर गोत्यात याल. यातून घ्यायचं ते इतकंच: गिऱ्हाईक माल नाकारतंय की नाव नाकारतंय, हे वेगवेगळं तपासा. दोन डब्यांत तोच चिवडा द्या, नाव लपवा, चव विचारा. चव आवडली आणि तरी विक्री होत नसेल, तर रेसिपी बदलत बसू नका. पॅकिंग, नाव, किंमत, जागा यात कुठेतरी अडतंय.

नाव कोणाचं, हे आधी लिहून ठेवा

बँड म्हणजे एका अर्थाने भागीदारीच. चार मित्र, एक नाव. फुटल्यावर ते नाव कोणी वापरायचं? माईकने नव्या साथीदारांसोबत काम सुरू केलं तेव्हा काही काळ नावापुढे 'एम.एम. प्लस प्लस' अशी खूण जोडली, म्हणजे जुना संच आणि नवा संच यातला फरक दिसत राहिला.

तुम्ही मित्रासोबत, चुलत भावासोबत धंदा काढताय ना? आपल्याकडे भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा आहे. वेगळं काही ठरलं नसेल, तर धंद्याची गुडविल ही फर्मची मालमत्ता धरली जाते, एकट्याची नाही. म्हणून भागीदारी करारात एक ओळ नक्की टाका: वेगळे झालो तर नाव, फोन नंबर, इन्स्टाग्राम पेज आणि गिऱ्हाइकांची यादी कोणाकडे राहणार. संबंध गोड असताना हे लिहायला दहा मिनिटं लागतात. भांडण झाल्यावर वर्षं जातात. ट्रेडमार्क कोणाच्या नावावर घ्यायचा, हेही तेव्हाच ठरवा आणि वकिलाकडून एकदा तपासून घ्या.

सगळ्यात कठीण भाग

२००५ मध्ये त्याला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं. उपचार चालू, दौरेही चालू. २००७ मध्ये त्याने जेम्स चिपेनडेल यांच्यासोबत 'लव्ह होप स्ट्रेंथ' ही संस्था काढली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काही संगीतकारांना घेऊन तो एव्हरेस्टच्या वाटेवर चढला आणि साडेपाच हजार मीटरच्या आसपास उंचीवर कार्यक्रम केला.

पण खरं मोठं काम खाली मैदानात झालं. कार्यक्रमाला आलेल्या गर्दीलाच त्याची संस्था विचारायची, "अस्थिमज्जा दाता म्हणून नाव नोंदवता का?" अशा मोहिमांतून अडीच लाखांहून जास्त लोकांची नोंदणी झाली. गर्दी तीच, जागा तीच, खर्च जवळपास तोच. आणि ज्या आजाराशी तो स्वतः लढत होता, त्यातल्या दुसऱ्या कोणाला तरी दाता मिळण्याची शक्यता वाढली. २०१९ मध्ये त्याला ब्रिटनचा एम.बी.ई. हा सन्मान मिळाला.

२०१६ मध्ये पत्नी ज्यूल्सला स्तनाचा कर्करोग झाला. २०२२ मध्ये माईकचा आजार पुन्हा उलटला, आणि रुग्णालयात असताना त्याने जी गाणी लिहिली, त्यांचा 'फॉरवर्ड्स' हा अल्बम २०२३ मध्ये आला. २०२४ मध्ये अमेरिकेचा पन्नास कार्यक्रमांचा दौरा निघायच्या तोंडावर कर्करोगाने जास्त आक्रमक रूप घेतल्याचं कळलं. दौरा रद्द झाला. २९ एप्रिल २०२५ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, तो गेला.

इथे फक्त "वा, काय जिद्द!" म्हणून पुढे जाऊ नका. धंदा म्हणूनही बघा. गायक आजारी पडला की दौरा थांबतो. बदली माणूस पाठवता येत नाही. तुमच्यापैकी किती जणांचा धंदा असाच आहे? मेहंदी, शिवणकाम, क्लासेस, फोटोग्राफी, पार्लर. तुम्ही अंथरुणाला खिळलात की गल्ला बंद! जिद्दीने काम होतं, पण रुग्णालयाचं बिल जिद्दीने भरता येत नाही. आरोग्य विमा नसेल तर नवीन मशीन घेण्याआधी तो घ्या. आणि तुम्ही नसतानाही विकलं जाईल असं काहीतरी बनवा. माईककडे रेकॉर्ड होत्या. तुमच्याकडे तयार पीठ, पॅटर्न, रेकॉर्ड केलेला कोर्स, शिकवून तयार केलेली एक मदतनीस असू शकते. घरातल्या एका माणसाला हिशेब आणि पासवर्ड माहीत असू द्या.

या आठवड्याचं काम

१. वही घ्या. गेल्या सहा महिन्यांत दोनपेक्षा जास्त वेळा आलेल्या गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर लिहा. ज्यांचं नाव आठवत नाही, त्यांना मोजू नका.

२. त्यातल्या दहा जणांना फोन करा. काही विकू नका. "आमच्याकडचं काय आवडतं, काय नाही?" एवढंच विचारा.

३. त्यांच्यासाठी एक खास गोष्ट आखा, जी आगाऊ बुकिंगवरच मिळेल. माईकने आपल्या लोकांसाठी वेल्शमध्ये अल्बम काढला होता, तसं काहीतरी.

४. भागीदार असेल तर नावाबद्दलची ओळ या आठवड्यातच लिहून काढा.

पहिल्या कामात किती नावं निघाली, ते कमेंटमध्ये फक्त आकड्यात लिहा. दहा निघाली तरी लाजू नका, सुरुवात तिथूनच होते. पुढच्या व्हिडिओत आपण आगाऊ बुकिंगचा फॉर्म कसा बनवायचा आणि ॲडव्हान्स किती टक्के घ्यायचा ते बघणार आहोत, तेव्हा ही वही सोबत घेऊनच बसा.

भेटूया!