न पडलेल्या युनिटांचा हिशेब

26 जानेवारी 2007 पासून भिवंडीत विजेचा एक अजब व्यवहार सुरू झाला. तारा महावितरणच्या, रोहित्रं महावितरणची, ग्राहकाचा दर नियामक आयोगाने ठरवलेला. पण वीज वाटायची आणि बिलं वसूल करायची ती टोरेंट पॉवर या खासगी कंपनीने. शहरात वीज शिरते तिथे मीटर. त्यातून जितकी युनिटं आत येतील तितक्यांचे पैसे ठरल्या दराने महावितरणला मोजायचे. पुढे कुणी तारेवर आकडा टाकला, रोहित्रात वीज मुरली, बिल थकलं, तर तोटा कंपनीचा. गळती थांबली तर फायदाही तिचाच. यंत्रमागांच्या या शहरात त्याआधी गळती, चोरी आणि थकबाकी मिळून तोटा 58 टक्क्यांच्या घरात होता. 100 युनिटं पाठवावीत आणि पैसे यावेत 42 युनिटांचे! काही वर्षांत तोटा विशीच्या आसपास उतरला. बिलांवरून तक्रारी आणि आंदोलनंही झाली. ती कहाणी वेगळी आणि मोठी आहे.

इथला हिशेब मात्र सरळ. आत किती आलं, वसूल किती झालं, करा वजाबाकी. याच गोत्रातला दुसरा एक करार आहे, त्यात वजाबाकीची एक बाजूच गायब असते.

ऊर्जा सेवा कंपनी, म्हणजे ‘एस्को’, एखाद्या महापालिकेला सांगते: तुमचे दिवे, पंप, एसी मी माझ्या पैशाने बदलते. तुम्ही आज काही देऊ नका. बिल जितकं कमी येईल त्यातला वाटा मला द्या. म्हणजे ही कंपनी विकते काय, तर कधीच न वापरलेली वीज. ती मोजणारा मीटर जगात कुणी बनवलेला नाही, बनणारही नाही.

तरीही हे आपल्याकडे घडलं, अकोल्यात. 2006-07 च्या सुमारास अकोला महापालिकेने रस्त्यांवरचे साडेअकरा हजारांहून जास्त दिवे असे बदलून घेतले. जुन्या ट्यूब, पाऱ्याचे आणि सोडियमचे दिवे गेले. त्यांच्या जागी आल्या टी5 जातीच्या, जेमतेम 16 मिलिमीटर जाडीच्या सडपातळ ट्यूब. जुन्या ट्यूबचा लोखंडी चोक स्वतःच दहा-पंधरा वॅट खाऊन गरम होत बसायचा. नव्या ट्यूबला इलेक्ट्रॉनिक चोक लागतो, तो जवळजवळ काहीच खात नाही. सगळा खर्च एशियन इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचा. सहा वर्षं बचतीचे 95 टक्के कंपनीला, 5 टक्के पालिकेला. ऐकायला हा सौदा एकतर्फी वाटतो. पण पालिकेने गुंतवणुकीचा एक रुपयाही घातला नव्हता, आणि सहा वर्षांनंतर सगळी बचत तिचीच होती. वीज वाचली 56 टक्के. गुंतवलेला पैसा वर्षाच्या आतच भरून निघेल, इतकी ही बचत होती.

रस्त्यावरचे दिवे या कराराला सोयीचे. किती वॅटचा दिवा, किती तास जळतो, गुणाकार केला की झालं. पण तिथेही एक गंमत लपलेली असते. समजा, जुने निम्मे दिवे बंदच पडलेले होते. नवे सगळे लागले, गाव उजळलं आणि बिल वाढलं! मग बचत कुठली? अशा वेळी ते बंद दिवे चालू असते तर किती बिल आलं असतं, ते धरून हिशेब मांडतात. म्हणजे कधीच न आलेल्या बिलातून आलेलं बिल वजा करायचं.

बचतीतून मोबदला घेण्याची ही युक्ती आजची नाही. अठराव्या शतकात जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांनी कॉर्नवॉलच्या खाणींना वाफेची इंजिनं दिली ती याच बोलीवर: जुन्या न्यूकोमेन इंजिनापेक्षा जितका कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश आम्हाला. कॉर्नवॉलमध्ये कोळसा नाही, तो समुद्रमार्गे आणावा लागे. खाणमालकांनी आनंदाने मान्य केलं. इंजिनाचे ठोके मोजायला वॉटने कुलूपबंद गणकयंत्र बसवलं. पण वर्षं सरली, जुन्या इंजिनाचा खर्च लोक विसरले आणि बचतीचा हप्ता जाच वाटू लागला. 1790 च्या दशकात मालकांनी पैसे अडवले, प्रकरणं कोर्टात गेली.

दिव्यांपेक्षा सरकारी इमारतीत हा बचतीचा हिशेब दुपटीने अवघड. आपल्याकडे 2009 मध्ये स्थापन झालेली केंद्राची ईईएसएल ही कंपनी सरकारी कार्यालयांतले दिवे, पंखे, एसी आपल्या पैशाने बदलते आणि हप्त्यांनी वसुली करते. पण इमारत स्थिर राहत नाही. समजा, भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात असा करार झाला आणि दोन वर्षांनी तिथे नवी यंत्रं आली, एक वॉर्ड वाढला, उन्हाळा कडक गेला. बिल चढणार. दिव्यांची बचत मात्र जशीच्या तशी, त्या चढलेल्या बिलाच्या पोटात. म्हणून कामाचे तास, तापमान, यंत्रांची यादी, खाटांची संख्या हे सगळं आधीच करारात लिहून ठेवावं लागतं. नाहीतर लेखापरीक्षक दोन वर्षांची बिलं शेजारी ठेवून विचारणार: बिल वाढलंय, मग या कंपनीला पैसे कशाचे दिलेत?