क्वांटम प्रोग्रॅमिंगचे ऑनलाइन शिक्षण

क्वांटम प्रोग्रॅमिंग म्हणजे पुंजयामिकीच्या नियमांवर चालणाऱ्या संगणकासाठी आज्ञावली लिहिणे. असे संगणक मोजक्याच प्रयोगशाळांत असले, तरी त्यांच्यासाठीचे आज्ञावली-लेखन इंटरनेटद्वारे कोठूनही शिकता येते. आयबीएम कंपनीने ४ मे २०१६ रोजी आपला पाच क्यूबिटचा संगणक इंटरनेटवरून सर्वांसाठी खुला केला आणि या शिक्षणाला खरी चालना मिळाली. अतिवाहक तंत्रावरील असे यंत्र उणे २७३ अंश सेल्सिअसच्या जवळपास थंड ठेवावे लागते. ते विकत घेणे सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्यातले नाही. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव, चिखली किंवा मलकापूर येथील अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि पुण्या-मुंबईतील विद्यार्थी हे यंत्राच्या बाबतीत बऱ्याच अंशी समान पातळीवर आहेत. दोघांनाही ते दुरूनच वापरावे लागते. फरक पडतो तो गणिताची तयारी, मार्गदर्शन आणि भाषा यांमुळे.

साधने

आयबीएमचे किस्किट (२०१७), गूगलचे सर्क (२०१८) आणि झानाडू कंपनीचे पेनीलेन हे आज्ञावली-संच पायथन भाषेत वापरले जातात. ते विनामूल्य आहेत. मायक्रोसॉफ्टची क्यू शार्प (२०१७) ही मात्र स्वतंत्र भाषा आहे. पायथन येत नसेल तर आधी ते शिकणे इष्ट. चल, फलन, सूची आणि आवर्तन एवढे समजले की सुरुवात करता येते.

नवशिक्याला प्रत्यक्ष क्वांटम संगणकाची गरज फार उशिरा भासते. साध्या संगणकावर चालणारा सिम्युलेटर क्यूबिटच्या अवस्थेचे गणित करून दाखवतो. क्यूबिटची संख्या 'न' असेल, तर अवस्था लिहिण्यास २ चा 'न'वा घात इतक्या संमिश्र संख्या लागतात. प्रत्येक संख्येस १६ बाइट धरले, तर १० क्यूबिटना १६ केबी, २० क्यूबिटना १६ एमबी आणि ३० क्यूबिटना १६ जीबी स्मृती लागते. आठ जीबी स्मृतीच्या लॅपटॉपवर साधारण २८ क्यूबिटपर्यंत मजल जाते, आणि पाठ्यक्रमातील बहुतेक उदाहरणे दहाच्या आतली असतात. पन्नास क्यूबिटसाठी मात्र दीड कोटी जीबीहून अधिक स्मृती हवी. क्वांटम संगणक बांधण्याचा खटाटोप कशासाठी, याचे एक उत्तर याच हिशेबात आहे.

गणित

या विषयाची खरी पायरी रेषीय बीजगणित ही आहे. संमिश्र संख्या आणि मॅट्रिक्स यांची ओळख अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतील गणितात झालेली असते. ती पक्की असेल तर पहिले काही आठवडे पुरेसे सुकर जातात.

क्यूबिट 'एकाच वेळी शून्य आणि एक असतो' हे लोकप्रिय वर्णन नवशिक्याची दिशाभूल करते. क्यूबिटची अवस्था ही दोन संख्यांची जोडी असते. शून्य अवस्था (१, ०) अशी, तर एक अवस्था (०, १) अशी लिहितात. मापन केल्यावर शून्य किंवा एक मिळण्याची संभाव्यता त्या त्या संख्येच्या परिमाणाच्या वर्गाइतकी असते. हॅडामार्ड गेट (१, ०) चे रूपांतर (१/√२, १/√२) असे करते. मापनात दोन्ही उत्तरे निम्म्या-निम्म्या वेळा येतात. येथवर हे नाणेफेकीसारखेच वाटते. पण मापन न करता तेच गेट पुन्हा लावले, तर क्यूबिट निश्चितपणे शून्यावर परततो. नाणे दुसऱ्यांदा उडवून पहिली बाजू हमखास मिळत नाही. याचे कारण असे की हॅडामार्ड गेट (०, १) चे (१/√२, −१/√२) करते. त्या उणे चिन्हामुळे दुसऱ्या वेळी 'एक'कडे जाणारे दोन वाटे परस्परांना छेद देऊन नाहीसे होतात. हेच व्यतिकरण. लव्ह ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेला शोध-अल्गोरिदम याच तत्त्वावर चालतो. हा हिशेब एकदा कागदावर हाताने करणे, दहा चलचित्रे पाहण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

पहिली आज्ञावली

बहुतेक पाठ्यक्रमांत दोन क्यूबिटची बेल अवस्था हा पहिला प्रयोग असतो. पहिल्या क्यूबिटवर हॅडामार्ड गेट, नंतर दोन्हींवर सीनॉट गेट आणि शेवटी मापन, एवढ्याच आज्ञा असतात. सिम्युलेटरवर ही आज्ञावली १,००० वेळा चालवली, तर ०० आणि ११ ही उत्तरे प्रत्येकी सुमारे ५०० वेळा येतात. ०१ व १० येत नाहीत. प्रत्यक्ष यंत्रावर ही उत्तरेही थोड्या वेळा दिसतात. तो आज्ञावलीतील दोष नसून यंत्रातील गोंगाटाचा परिणाम असतो. आयबीएमच्या विनामूल्य योजनेत दरमहा सुमारे दहा मिनिटांचा यंत्रकाळ मिळतो आणि अशा प्रयोगाला काही सेकंदच लागतात. रांगेतील प्रतीक्षा मात्र लांबू शकते. किस्किटमध्ये उत्तरातील सर्वांत उजवा अंक पहिल्या क्यूबिटचा असतो, हे माहीत नसल्यामुळे अनेकांना बरोबर उत्तरही चुकीचे वाटते.

पाठ्यक्रम व भाषा

एनपीटीईएल या उपक्रमात आयआयटी मुंबईचे दीपन घोष यांची क्वांटम माहिती व संगणनावरील व्याख्याने, तसेच आयबीएम आणि आयआयटी मद्रास यांचा किस्किटवर आधारित पाठ्यक्रम उपलब्ध झाला. व्याख्याने विनामूल्य असतात. प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. ही सामग्री मुख्यतः इंग्रजीत आहे. पायथनपुरती आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील मराठी ध्वनिमुद्रणे उपयोगी पडतात.

जुनी सामग्री ही मोठी अडचण आहे. फेब्रुवारी २०२४ मधील किस्किट १.० या आवृत्तीतून पूर्वी सर्रास वापरले जाणारे 'एक्झिक्यूट' हे फलन काढून टाकण्यात आले आणि 'एअर' हा सिम्युलेटर वेगळा बसवावा लागतो. त्याआधीच्या धड्यातील आज्ञा जशाच्या तशा उतरवल्यास त्या चालत नाहीत आणि नवशिक्या स्वतःलाच दोष देत बसतो. म्हणून धड्याची तारीख आधी पाहावी.

भारतातील संदर्भ

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानास मंजुरी दिली. त्यातील संगणनाचे केंद्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे. आयआयटी मुंबईकडे संवेदन व मापनशास्त्र सोपवले आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतही क्वांटम तंत्रज्ञानाचे स्वतंत्र केंद्र कार्यरत आहे. २०२५ मध्ये आयबीएमच्या १५६ क्यूबिटच्या संगणकासह 'क्वांटम व्हॅली' जाहीर झाली ती अमरावती आंध्र प्रदेशातील आहे. बुलढाणा जिल्हा ज्या महसुली विभागात येतो ती विदर्भातील अमरावती नव्हे.