इलेक्ट्रॉनीय आरोग्य-नोंद

रुग्णाचा पूर्वेतिहास, रोगनिदान, औषधे, तपासण्यांचे निष्कर्ष व उपचार यांची संगणकात साठविलेली आणि अधिकृत व्यक्तींना निरनिराळ्या ठिकाणी एकाच वेळी पाहता येणारी नोंद. एकाच रुग्णालयापुरत्या संगणकीय नोंदीस ‘वैद्यकीय नोंद’ म्हणतात; रुग्णाबरोबर एका संस्थेतून दुसरीत जाऊ शकणाऱ्या नोंदीस ‘आरोग्य-नोंद’ ही संज्ञा लावतात. व्यवहारात हा भेद पुष्कळदा पाळला जात नाही. तथापि या क्षेत्रातील अनेक प्रश्न त्याच्याशीच निगडित आहेत.

इतिहास : लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ मध्ये रुग्णाच्या समस्यांनुसार नोंदी ठेवण्याची पद्धत मांडली. इंडियानापोलिस येथील रीगनस्ट्रीफ संस्थेत १९७२ मध्ये संगणकीय नोंदींची प्रणाली विकसित होऊ लागली. एपिक व सर्नर या पुढे अग्रगण्य ठरलेल्या कंपन्या १९७९ मध्ये स्थापन झाल्या. असे असूनही प्रसार मंद राहिला. कारण खर्च डॉक्टर वा रुग्णालय यांना करावा लागे, तर अनावश्यक तपासण्या टळल्याने होणारी बचत मुख्यतः विमा-संस्थांच्या पदरी पडे. २००८ मध्ये अमेरिकेतील केंद्र शासनाच्या मालकीची नसलेल्या रुग्णालयांपैकी फक्त सु. ९ टक्के रुग्णालयांत मूलभूत स्वरूपाची प्रणाली होती.

शासकीय अनुदान व व्यवसाय : २००९ च्या कायद्याने ही कोंडी फुटली. प्रमाणित प्रणालीचा ‘अर्थपूर्ण उपयोग’ करणाऱ्या डॉक्टरास मेडिकेअर या शासकीय विमा योजनेतून पाच वर्षांत कमाल ४४,००० डॉलर मिळू लागले. २०१५ पासून उपयोग न करणाऱ्यांच्या देयकांत कपात सुरू झाली. त्या वर्षापर्यंत वरील प्रमाण सु. ८४ टक्क्यांवर गेले. प्रणालींची विक्री, उभारणी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, जुन्या कागदांचे रूपांतर, साठवण व सुरक्षितता असे अनेक व्यवसाय त्यातून विस्तारले. ओरॅकल कंपनीने २०२२ मध्ये सर्नर सु. २८ अब्ज डॉलरना विकत घेतली, यावरून या बाजारपेठेचा आवाका लक्षात येतो. उलट, अमेरिकन डॉक्टरांचे ध्वनिमुद्रित कथन टंकलिखित करून देण्याचा भारतातील व्यवसाय, डॉक्टर स्वतःच संगणकात नोंद करू लागल्याने आणि वाणी-अभिज्ञानाच्या तंत्रामुळे आक्रसला.

दोष व उपाय : अनुदान प्रणाली वापरण्यास मिळाले, पण भिन्न कंपन्यांच्या प्रणालींत माहितीची देवाणघेवाण सुकर झाली नाही. ग्राहक दुसरीकडे जाऊ नये, यातच विक्रेत्याचे हित होते. प्रमाणपत्र मिळविताना प्रणालीच्या क्षमतेविषयी दिशाभूल केल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये एका कंपनीने तडजोडीदाखल १५.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. नोंदी भरण्यात डॉक्टरांचा बराच वेळ खर्ची पडतो, हीही सार्वत्रिक तक्रार आहे. माहिती अडवून ठेवण्यास २०१६ च्या कायद्याने प्रतिबंध केला. ‘फायर’ (एफएचआयआर) या समाईक मानकामुळे निरनिराळ्या प्रणालींना एकमेकींची माहिती वाचता येते.

भारत : केंद्र शासनाने या नोंदींची मानके २०१३ मध्ये प्रसिद्ध केली व २०१६ मध्ये सुधारली. आयुष्मान भारत डिजिटल अभियान सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले. त्यात नागरिकास १४ अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो. नोंदी त्या त्या संस्थेकडेच राहतात व रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे पाठविल्या जातात. भारतात केसपेपर व तपासण्यांचे अहवाल बहुधा रुग्णच पिशवीतून बरोबर नेतो. कागद गहाळ झाला की त्याचा पूर्वेतिहासही हरवतो. पण जवळ असेपर्यंत तो कोणत्याही डॉक्टरास दाखविता येतो. संगणकीय नोंदीने ही मोकळीक कायम राखून कागदाची नश्वरता दूर केली, तरच तिचा लाभ विक्रेत्यांप्रमाणे रुग्णासही मिळेल.