घर त्वरित सोडण्याची पूर्वसिद्धता : हिंगोली जिल्ह्यातील भूकंपाच्या संदर्भात

संकटसमयी घर सोडून बाहेर पडणे ही काही क्षणांची कृती असली, तरी तिची सिद्धता आधीच व्हावी लागते. पुराचे पाणी बहुधा थोडी मुदत देते. कयाधूकाठच्या कुटुंबास नदी चढताना दिसते, आणि पूर्णेवरील सिद्धेश्वर धरणातून पाणी सोडण्यापूर्वी खालच्या गावांना सूचना देता येते. भूकंप अशी मुदत देत नाही. त्यामुळे काय न्यावे, कोणी कोणास उचलावे, कोठे जमावे, हे प्रश्न त्या क्षणी विचारात घेणे शक्य नसते. त्यांची उत्तरे अगोदरच ठरलेली असावी लागतात.

दि. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४·५ तीव्रतेचा धक्का बसला. ६ वाजून १९ मिनिटांनी ३·६ तीव्रतेचा दुसरा. त्याच वर्षी १० जुलै रोजी सकाळी पुन्हा ४·५ तीव्रतेचा धक्का जाणवला. मोठी हानी झाली नाही. तथापि मार्चमधील दोन धक्क्यांतील अकरा मिनिटांचे अंतर लक्षात घेण्याजोगे आहे. पहिल्या धक्क्याने बाहेर आलेला मनुष्य राहिलेली वस्तू आणण्यासाठी पुन्हा आत शिरतो, तो नेमका याच अवधीत.

या जिल्ह्यातील आणखी एक विशेष असा, की येथे जमीन हादरण्यापेक्षा अधिक वेळा ती ‘बोलते’. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि परिसरातील गावांत भूगर्भातून येणारे आवाज गेली अनेक वर्षे ऐकू येत आहेत. चिन्हविचाराच्या दृष्टीने ही स्थिती विचारणीय ठरते. चिन्ह वारंवार यावे आणि त्याने सूचित केलेली घटना मात्र घडू नये, असे होत राहिले, म्हणजे त्या चिन्हाची अर्थवत्ता झिजते. ‘लांडगा आला रे आला’ या कथेतील मर्म हेच. प्रथम ज्या आवाजाने गाव रस्त्यावर येते, त्याच आवाजाने पुढे कोणी कूसही बदलत नाही. म्हणून आवाज झाल्यावर विचार करू, ही भूमिका येथे धोक्याची आहे.

हा धोका काल्पनिक नाही. दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. गावे झोपेत होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि लाकडी सांगाड्यावर मातीचा जड थर असलेली माळवदे ही तेथील घरांची सामान्य रचना होती. भिंतीचे आतले व बाहेरचे पदर आरपार दगडांनी सांधलेले नसल्याने ते हादऱ्यासरशी सुटले आणि वरचे ओझे खाली आले. मराठवाड्यातील जुनी घरे अद्यापि पुष्कळ ठिकाणी याच धाटणीची आहेत.

पूर्वसिद्धतेचा आरंभ म्हणून डोक्यावरील भारापासूनच व्हावयास हवा. मार्च २०२४ मधील धक्क्यांनंतर पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून टाकण्याचे आवाहन प्रशासनाने केले होते, ते यासाठीच. दगड काढल्यावर वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्रे आकड्यांनी कसून बसवावे लागतात. पोत्यांची थप्पी, उतरंड, फळीवरील जड भांडी ही अंथरुणाजवळ किंवा दाराच्या वाटेवर असू नयेत. दाराची कडी घरातील लहान मुलाच्याही हाताला लागावी. सातबारा, शिधापत्रिका, बँकेचे खातेपुस्तक, नित्याची औषधे आणि विजेरी यांचे एकच गाठोडे दारालगत खुंटीला असावे. जनावरांची दावी एका हिसक्याने सुटतील अशा सुरगाठीने बांधावीत.

धक्का चालू असताना दार दोनचार पावलांवर असेल, तर बाहेर मोकळ्या जागेत यावे. नसेल, तर भक्कम बाजेखाली अथवा मेजाखाली शिरून डोके सांभाळावे, आणि हादरा थांबताच सर्वांनी बाहेर पडावे. गाठोडे वाटेत हाती लागले तरच घ्यावे. त्यासाठी परत फिरू नये.

आता भाषेचा प्रश्न. ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे’ हे सरकारी सूचनांतील रूढ वाक्य होय. परंतु या भागात ‘स्थलांतर’ म्हटले की ऊसतोडीला जाणे, हा अर्थ प्रथम मनात येतो. आणि ‘सुरक्षित स्थळ’ कोणते, हे त्या वाक्यात सांगितलेलेच नसते. ‘पळा’ हा आज्ञार्थ त्याहून सुटसुटीत खरा, पण त्यातही दिशा नाही. याउलट एखाद्या कुटुंबाने आपल्या खळ्याची मोकळी जागा ठरविली असेल, तर ‘खळ्यावर!’ या एकाच शब्दात आज्ञा आणि ठिकाण दोन्ही सामावतात. तांड्यावर तो शब्द गोरमाटीतील असेल, अन्य घरी दखनीतील असेल. घरच्या बोलीतील असणे हे महत्त्वाचे.

ऊसतोडीचा उल्लेख आणखी एका कारणास्तव आवश्यक आहे. दिवाळीनंतर कर्ती माणसे कारखान्यांकडे जातात आणि अनेक घरांत वृद्ध व मुले उरतात. आजीस हात देण्याचे काम थोरल्या मुलाकडे सोपविलेले असेल आणि तो सहा महिने गावात नसेल, तर ती योजना वर्षातील निम्मा काळ निरुपयोगी ठरते. तेव्हा कामांची वाटणी दोनदा व्हावयास हवी : एक सर्व माणसे घरी असतानाची, आणि दुसरी मागे राहिलेल्यांची. या दुसऱ्या वाटणीत शेजाऱ्याचे नाव असावे, आणि त्या शेजाऱ्याला ते ठाऊक असावे. गाड्या गावातून निघण्याच्या आदल्या रात्री, दिवे मालवून, उरणाऱ्या माणसांनीच एकदा खळ्यापर्यंत जाऊन पाहिले, म्हणजे या वाटणीत काय राहून गेले ते कळून येते.