तिची ‘आदळआपट’, त्याचं ‘पॅशन’

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. टेनिस कोर्टवर एक धिप्पाड कृष्णवर्णीय बाई आपल्याच रॅकेटवर थयथया नाचतेय. ओठ जाडजूड, नाक फेंदारलेलं, केस पिंजारलेले. शेजारी तान्ह्या बाळाची चोखणी पडलीय. मागे पंच दुसऱ्या खेळाडूला विनवतोय, जिंकू दे ना बाई हिला! आणि ही दुसरी खेळाडू? नाजूकशी, गोरीपान, सोनेरी केसांची.

मेलबर्नच्या ‘हेराल्ड सन’ या दैनिकात सप्टेंबर २०१८ मध्ये छापून आलेलं हे व्यंगचित्र. चित्रकार मार्क नाइट. पहिली बाई म्हणजे सेरेना विल्यम्स हे तुम्ही ओळखलंच असेल. दुसरी कोण, सांगा बघू?

ती नाओमी ओसाका. आई जपानी, वडील हैतीचे. म्हणजे ती गोरी नाहीच. वेणीची टोकं तेव्हा तिने सोनेरी रंगवली होती, एवढंच काय ते खरं. आणि नाजूक? ओसाका उंचीने सेरेनापेक्षा चांगली पाच सेंटिमीटरने जास्त आहे! पण एकीला राक्षसीण करायचं ठरलं, की समोर परी लागतेच.

आता मॅचबद्दल. यूएस ओपनची फायनल, सेरेना २४ व्या ग्रँड स्लॅमच्या मागे. प्रेक्षकांतून कोच खुणा करतोय म्हणून पंच कार्लोस रामोस यांनी आधी ताकीद दिली. मग तिने रॅकेट आपटली, एक पॉइंट गेला. मग ती पंचांना ‘चोर’ म्हणाली, अख्खा गेम गेला. वर १७ हजार डॉलरचा दंड. ओसाका ६-२, ६-४ अशी जिंकली आणि प्रेक्षकांच्या हुर्योत रडत रडत तिने ट्रॉफी घेतली. सेरेना चुकली का? माझ्या मते, हो. खुणा करत होतो हे तर कोचने स्वतःच नंतर मान्य केलं.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम शिक्षेत नाहीये. जॉन मॅकेन्रो आठवतोय? तुम्हाला नसेल, बाबांना विचारा. पंचांवर खेकसणं ही त्याची ओळखच होती. त्यालाही शिक्षा झाल्या. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनमधून, म्हणजे याच मेलबर्नमधून, त्याला चालू मॅचमधून हाकललं होतं. पण १९८१ च्या विम्बल्डनमध्ये त्याने पंचांना सुनावलेलं ‘यू कॅनॉट बी सीरियस’ हे वाक्य पुढे इतकं लाडकं झालं, की त्याने आपल्या आत्मचरित्राला तेच नाव दिलं. आज तो कॉमेंट्री करतो आणि लोक कौतुकाने ऐकतात. त्याचा राग म्हणजे पॅशन, कॅरेक्टर. तिच्या रागाला चोखणी.

त्यात ती बाई आणि वर कृष्णवर्णीय, म्हणजे डबल ओझं. त्याच यूएस ओपनमध्ये फ्रान्सच्या अलिझे कॉर्नेने कोर्टवरच टी-शर्ट काढून सरळ करून घातला, तर तिला ताकीद मिळाली. पुरुष खेळाडू ब्रेकमध्ये उघडे बसून टॉवेलने घाम पुसतात, ते चालतं. (आयोजकांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली.) मात्र सेरेनाच्या वाट्याला आलेलं ते नाक आणि ते ओठ कॉर्नेच्या वाट्याला कुणी काढले नसते. अमेरिकेत गुलामगिरीनंतरच्या काळात कृष्णवर्णीयांची टिंगल करायला अशीच चित्रं छापली जायची. ऑस्ट्रेलियाच्या प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये व्यंगचित्राला क्लीन चिट दिली, ते फक्त वागण्यावर आहे असा चित्रकाराचा दावाही होता. मला तो पटत नाही. वागण्यावरच बोट ठेवायचं होतं, तर मग ओसाकाचा रंग का बदलला?

गंमत पुढेच आहे. जानेवारी २०१९ मध्ये निस्सिन या जपानी नूडल्स कंपनीने जाहिरातीत ओसाकाचं ॲनिमेशन केलं. ती कंपनीच्याच करारातली स्टार! तरीही कातडी उजळ, केस तपकिरी. बोंबाबोंब झाल्यावर जाहिरात मागे घेतली, माफी मागितली. त्याच दिवसांत ओसाका मेलबर्नमध्येच ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून जगात नंबर एक झाली. नंबर एक चालतो, रंग तेवढा चालत नाही.

‘हे सगळं तिकडचं’ असं म्हणताय? वेस्ट इंडिजच्या डॅरेन सॅमीने २०२० मध्ये काय सांगितलं ते आठवा. आयपीएल खेळताना टीममधले काहीजण त्याला ‘कालू’ म्हणायचे. त्याला वाटायचं, अर्थ असेल दमदार घोडा वगैरे. हाक मारली की सगळे हसायचे, म्हणजे काहीतरी मजेशीर असणार. खरा अर्थ कळला तेव्हा मधे काही वर्षं गेली होती. तो चिडला. नंतर एका जुन्या सहकाऱ्याने त्याला सांगितलं, अरे, प्रेमाने म्हणायचो.

प्रेमानेच. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्येही एक ‘काळ्या’ आहे. टीममधला सगळ्यात फास्ट बॉलर. माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर अजून त्याच नावाने सेव्ह आहे. हा लेख लिहिताना त्याला फोन केला, विचारलं, तुला कधी वाईट वाटलं का रे?

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आठ वर्षांनी विचारतोयस?”