गाडी एकवीस दिवसांत येते का?

बारावीची परीक्षा संपली की मोटार ड्रायव्हिंग स्कूलांचा हंगाम सुरू होतो. नुकती अठरा पूर्ण झालेली मुलं-मुली आईवडिलांना घेऊन येतात आणि पहिला प्रश्न असतो, "किती दिवसांत येईल गाडी?" उत्तरही तयार असतं: पंधरा दिवस, एकवीस दिवस, फार तर महिना. प्रश्न दिवसांचा आणि उत्तरही दिवसांचं. स्टिअरिंगमागे प्रत्यक्ष किती तास बसायला मिळणार, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. या विषयातले बरेचसे गैरसमज इथूनच सुरू होतात.

"एकवीस दिवसांचा क्लास केला की गाडी येते."

हा एकवीसचा आकडा आला कायद्यातून. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ३१व्या नियमात ड्रायव्हिंग स्कूलांचा अभ्यासक्रम ठरवून दिलेला आहे. घरच्या वापराच्या गाडीसाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं हवं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तासांचं हवं, असं तिथे म्हटलं आहे. लोकांच्या लक्षात २१ दिवस राहिले आणि १० तास विसरले गेले.

रोज अर्धा तास धरला तर २१ दिवसांत साडेदहा तास होतात, म्हणजे नियम जेमतेम पाळला जातो. पण पॅकेज १५ दिवसांचं आणि रोज वीसच मिनिटं, तर एकूण भरतात पाच तास. त्यातही एका गाडीत तिघा-चौघांना बसवून आळीपाळीने चालवायला देण्याची पद्धत आहे. मागच्या सीटवर बसलेला वेळ आपल्या हिशेबात धरता येत नाही. काही ठिकाणी वेळेऐवजी किलोमीटर मोजतात: रोज पाच किलोमीटर, वीस दिवस. हे झाले शंभर किलोमीटर. पुण्याहून साताऱ्याला एकदा जायचं तरी याहून जास्त अंतर पडतं. एवढ्या अनुभवावर अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती गाडीची किल्ली द्यायची का, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

१० तास ही खालची मर्यादा आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. पुरेसं शिक्षण म्हणजे किती, याचा अंदाज सरकारच्याच दुसऱ्या एका योजनेतून मिळतो. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची तरतूद लागू झाली. तिथला मोटारीचा अभ्यासक्रम २९ तासांचा आहे, आणि तो जास्तीत जास्त चार आठवड्यांत पुरा करायचा असतो. त्यातले ८ तास वर्गातले आणि २१ तास प्रात्यक्षिकाचे. शहरातला रस्ता, गावाकडचा रस्ता, महामार्ग, रिव्हर्स, पार्किंग, चढ-उतार हे सगळं त्या २१ तासांत येतं. जुन्या नियमातल्या किमान तासांच्या हे दुपटीहून जास्त झालं.

बाहेरचं उदाहरण पाहायचं तर ब्रिटनचं पाहू. तिथे १७व्या वर्षी मोटार शिकता येते आणि तिथल्या मराठी घरांतली मुलंही त्याच वयात शिकायला लागतात. तिथल्या सरकारी यंत्रणेची सरासरी अशी आहे की, परीक्षा पास होणाऱ्याने प्रशिक्षकाकडे सुमारे ४५ तास आणि शिवाय घरच्यांबरोबर सुमारे २२ तास गाडी चालवलेली असते. एवढं करूनही परीक्षा देणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास नापास होतात. ४५ तासांची तिथे सक्ती नाही, कुणी कमी वेळात पास होतो, कुणाला याहून जास्त लागतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने मात्र सक्तीच केली आहे: पंचविशीच्या आतल्या शिकाऊ चालकाने १२० तास सरावाची नोंद दाखवायची, आणि त्यातले २० तास रात्रीचे हवेत. तिथले रस्ते आपल्या रस्त्यांपेक्षा शिस्तीचे. आपल्याकडे रिक्षा, दुचाकी, बैलगाडी, उसाची ट्रॉली आणि उलट्या बाजूने येणारा सायकलवाला एकाच रस्त्यावर असतात. इथे शिकायला वेळ जास्तच लागणार.

"मी क्लासमध्ये एकदाही गाडी बंद पाडली नाही, म्हणजे मला येते."

हा गैरसमज मुलांचा असतो, आणि मला तो सर्वांत धोक्याचा वाटतो. क्लासच्या गाडीत दोन्हीकडे कंट्रोल असतात. सरांच्या पायाशीही ब्रेक असतो, बहुतेक गाड्यांत क्लचही असतो. सिग्नलला गाडी उचलताना मुलगा क्लच पटकन सोडतो, तेव्हा सर आपल्या बाजूचा क्लच अलगद दाबून धरतात. रिक्षा आडवी येते तेव्हा मुलाचा पाय ब्रेकवर जायच्या आत सरांनी तो दाबलेला असतो. मुलाला वाटतं, सगळं आपणच केलं. पुढे घरच्या गाडीत बसल्यावर पहिल्याच चढावर गाडी मागे सरकते आणि मागचा हॉर्न वाजवायला लागतो.

म्हणून क्लास पुरा झाला की नाही, हे दिवस मोजून ठरवू नये. सरांना सरळ विचारावं, "आज तुम्ही किती वेळा पाय लावलात?" सलग चार-पाच दिवस उत्तर "एकदाही नाही" असं आलं, आणि तेही गर्दीच्या वेळी, तर मुलाचा हात बसला असं समजायला हरकत नाही. रोज त्याच रिकाम्या रस्त्यावर, त्याच वळणापर्यंत जाऊन परत येणाऱ्या क्लासमध्ये हे कळणार नाही. रस्ता आणि वेळ बदलून द्या, असं मागण्याचा फी भरणाऱ्याला पूर्ण हक्क आहे. संध्याकाळचा एक क्लास, पावसातला एक, घाटातला एक. अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते, हा नियम पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही. समोरून भरलेला ट्रक चढत आला की तो कायमचा लक्षात राहतो.

"लर्निंग आलं, आता एकट्याने न्यायला हरकत नाही."

हरकत आहे. लर्निंग लायसन्सवर मोटार चालवताना शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली असावी लागते, आणि गरज पडली तर गाडी थांबवता येईल अशा जागी ती बसलेली हवी. पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात 'एल' लावावा लागतो. पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच हवं. काचेवर कोपऱ्यात चिकटवलेला छोटा स्टिकर त्यात बसत नाही. हे फक्त दंडापुरतं नाही. विम्याच्या पॉलिसीत कोण गाडी चालवू शकतो याचं एक कलम असतं. त्यात शिकाऊ चालकाला मुभा आहे, पण याच नियमांचं पालन केलं असेल तर. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकट्याने नेलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

आणि अठराच्या आत तर मोटारीचं लर्निंगही मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीचं. आज कॉलेजबाहेर उभ्या असतात त्या ११०-१२५ सीसीच्या स्कूटर त्यात येत नाहीत. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडला तर २०१९ मध्ये कायद्यात आलेल्या १९९अ कलमाने पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. "सोळाव्या वर्षीच शिकवून ठेवू" म्हणणाऱ्या वडिलांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावं.

"क्लासचं सर्टिफिकेट असलं की ट्रायल द्यावी लागत नाही."

२०२४ च्या मे महिन्यात ही बातमी मोबाइलवर खूप फिरली: १ जूनपासून आरटीओची ट्रायल बंद. केंद्र सरकारने तेव्हाच स्पष्ट केलं की १ जूनपासून काहीही बदलणार नाही. ट्रायलमधून सूट मिळते ती फक्त वर सांगितलेल्या २९ तासांच्या, मान्यताप्राप्त केंद्रातून उत्तीर्ण होणाऱ्याला. आपल्या गल्लीतल्या क्लासचं सर्टिफिकेट त्यात धरलं जात नाही. त्या मुलाने मोटार वाहन निरीक्षकासमोर गाडी चालवून दाखवायचीच.

ट्रायलची घाई हा याच्याच जोडीचा प्रकार. लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय ट्रायल देता येत नाही. त्यामुळे एकतिसाव्या दिवशी ट्रायल दिलीच पाहिजे, असं मुलांच्या डोक्यात बसतं. लर्निंग सहा महिने चालतं. हे सहा महिने शिकण्यासाठीच दिलेले आहेत आणि ते वापरले पाहिजेत. ट्रायलमध्ये काय पाहायचं, हेही नियमात लिहिलेलं आहे: चढावर थांबवलेली गाडी मागे न सरकू देता उचलणं, अरुंद जागेत रिव्हर्स घेणं, अचानक थांबवणं, आरशात पाहून आणि योग्य तो इशारा देऊन वळणं. पहिल्या खेपेला नापास झालेल्याला सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. तीनदा नापास झाला तर ६० दिवस थांबावं लागतं आणि पुन्हा प्रशिक्षण घ्यावं लागतं. नापास होण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तिथे नापास होणं रस्त्यावर चुकण्यापेक्षा कितीतरी परवडतं.

"स्कूटर येते, म्हणजे गाडी आठ दिवसांत येईल."

स्कूटरवाल्याला रहदारीची सवय असते, हे खरं. पण स्कूटर जिथून निघते तिथे मोटार घालण्याची सवयही त्याच्याबरोबर येते. साधी छोटी गाडीसुद्धा दीड ते पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते. डाव्या बाजूचा अंदाज यायला वेळ लागतो. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचे तास वाचतात, रस्त्याचे वाचत नाहीत. आपल्याकडे मोटारीच्या लायसन्समध्ये ऑटोमॅटिक आणि गिअरची गाडी असा भेद नाही, त्यामुळे ऑटोमॅटिकवर शिकलेला मुलगा उद्या मामाची गिअरची गाडी कायद्याने चालवू शकतो, पण सरावाशिवाय त्याने ती घेऊ नये.

"मुलींना जास्त दिवस लागतात."

हेही ऐकू येतं. मला दिसतं ते वेगळंच: क्लास संपल्यावर घरची गाडी भावाच्या हातात जाते आणि बहीण सहा महिने स्टिअरिंगला हात लावत नाही. सराव न दिल्याचं खापर मग तिच्या डोक्यावर फुटतं.

मग किती क्लास लागतात? गाडीला कधीच हात न लावलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलीला प्रशिक्षकाकडे वीस तास आणि घरच्या मोठ्या माणसाबरोबर निदान तेवढेच, असं माझं मत आहे. अर्ध्या तासाचा क्लास धरला तर ते चाळीस क्लास होतात. कुणाला कमी पुरतील, कुणाला जास्त लागतील.

लायसन्स हातात पडल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत जपायचे असतात. शेजारी मोठं माणूस असताना शिकाऊ चालकाकडून अपघात कमी होतात. तो एकटा चालवायला लागला की धोका एकदम वाढतो, आणि गाडीत मित्र भरले की आणखी. न्यूझीलंडने हे ओळखून १९८७ पासून नव्या चालकांना टप्प्याटप्प्याने परवाना द्यायला सुरुवात केली: मधल्या टप्प्यात रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने चालवायचं नाही, सोबत मित्रांना बसवायचं नाही. आपल्या कायद्यात असा टप्पा नाही, त्यामुळे तो घरानेच ठरवायचा आहे. क्लासला पैसे भरताना स्टिअरिंगमागचे तास लिहून मागा. लायसन्स आल्यावर पहिले सहा महिने रात्रीची आणि मित्रांना घेऊन गाडी देऊ नका, आणि रविवारी सकाळी तासभर शेजारच्या सीटवर तुम्ही स्वतः बसा.