बाळाचे दचकणे अंगावर काढू नका!

आपल्या कष्टकरी घरांत पाच-सहा महिन्यांचे बाळ एकाएकी मान खाली टाकून हात झटकू लागले, की "दचकलं असेल", "पोटात कळ आली असेल" असे म्हणून वेळ निभावून नेली जाते. फार झाले तर दृष्ट काढतात. परंतु बंधू-भगिनींनो, प्रत्येक दचकणे साधे नसते.

मोठ्या आवाजाने बाळ एकदा दचकते. हे झटके मात्र काही निमित्त नसताना, बहुधा झोपेतून उठल्यावर, एकापाठोपाठ येतात. एकेक झटका एक-दोन सेकंदांचाच. त्याच सुमारास बाळ हसेनासे होते, नजर देईनासे होते. ही मेंदूतून येणारी आकडी होय. इंग्लंडचे डॉ. विल्यम वेस्ट यांनी १८४१ साली स्वतःच्या मुलाची हीच लक्षणे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कळवून इतर डॉक्टरांकडे मदत मागितली. म्हणून या आजारास 'वेस्ट सिंड्रोम' म्हणतात. बाप डॉक्टर असूनही तेव्हा इलाज नव्हता. आज आहे, पण तो जितका लवकर, तितका गुणकारी.

आमच्या वस्तीतील एका गवंडी बांधवाच्या मुलीला दोन दवाखान्यांत गॅसचे औषध मिळाले, कारण डॉक्टरांसमोर झटके आलेच नाहीत. आम्ही त्या माउलीला सांगितले, की झटके येताच मोबाईलवर चित्रण करा. वेळ व संख्या वहीत लिहा. ते पाहताच सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी त्याच आठवड्यात ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख, काढविला. निदान झाले, औषध सुरू झाले, झटके थांबले. बसायला मात्र ती उशिरा शिकते आहे. व्यायाम चालू आहे.

जन्मताना प्राणवायू कमी पडणे, पहिल्या दिवसांत रक्तातील साखर उतरणे, जन्मजात दोष अशी याची कारणे असतात. कधी कारण सापडतही नाही. त्यात आईचा दोष नसतो. एसीटीएचचे इंजेक्शन, प्रेडनिसोलोन, व्हिगाबॅट्रिन ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावीत. मनाने बंद करू नयेत.

खर्चाच्या धास्तीने घरी बसू नका. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी मोफत होते. अंगणवाडी सेविकेला विचारा. मात्र झटके येत असतील तर तपासणी पथकाची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे सरकारी रुग्णालय गाठा. डॉक्टरांना चित्रण दाखवा आणि "ईईजी करायचा का?" हे विचारायला संकोचू नका. बाळाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने आपणच बोलायचे आहे.